ओरांगउटानचं अंथरूण

बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवरच्या जंगलांत राहणारा ओरांगउटान रोज संध्याकाळी नवं घरटं बांधतो. अंडी घालायला नव्हे, निव्वळ झोपायला. जुनं घरटं डागडुजी करून वापरल्याची उदाहरणं आहेत, पण तो अपवाद. फळांच्या मागावर दिवसभरात अर्धा-एक किलोमीटर पुढे गेल्यावर कालच्या जागी परत फिरण्यापेक्षा आहे तिथे नवं बांधणं त्याला परवडतं. जंगलात हा प्राणी पन्नाशी गाठू शकतो. आठव्या वर्षापासून तो स्वतःच्या घरट्यात झोपतो असं धरलं, तर रात्रीचीच घरटी १५,००० च्या वर जातात. दुपारच्या डुलकीची वेगळी.

ओरांगउटानच्या हुशारीचा विषय निघाला की लोक काठीने मध काढणाऱ्या माकडाचा फोटो पुढे करतात. (तो माकड नाही, गोरिला-चिंपांझीसारखा बिनशेपटीचा कपी आहे, शेपूट शोधून बघा.) काठीचं काम सगळेच ओरांगउटान करत नाहीत. घरटं मात्र प्रत्येकाला रोज बांधावं लागतं, तेही चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवर, आणि अंधार पडायच्या आत. म्हणून या प्राण्याची ओळख घरट्यापासून करून घ्यावी असं मला वाटतं.

आधी जागा निवडायची. खोडातून जाड फांदी फुटते तो बेचका, फांदीच्या मधोमध जिथून चार-पाच उपफांद्या पसरतात ती जागा, झाडाचा शेंडा, किंवा शेजारच्या दोन झाडांच्या फांद्या ओढून एकत्र आणता येतील अशी फट, यांपैकी एक. उंची बहुधा १० ते २० मीटर. फळांनी लगडलेलं झाड तो झोपायला सहसा घेत नाही, कारण तिथे रात्री-पहाटे खायला येणाऱ्यांची वर्दळ असते.

जागा ठरली की तो मधोमध ठाण मांडतो आणि हात पोचेल तिथवरच्या जाड फांद्या एकेक करून स्वतःकडे ओढतो. ओढलेली फांदी पायाने दाबून धरायची, दुसरी तिच्यावरून आडवी घ्यायची, तिसरी दोन्हींच्या खालून सरकवायची. पाय हातासारखेच पकडतात, म्हणून हे जमतं. दाबून धरली नाही तर फांदी उसळी मारून परत जागेवर जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. असा साधारण मीटरभर लांबीचा लंबगोल सांगाडा तयार होतो. त्यावर मध्यम जाडीच्या पानाळ फांद्यांची गादी. शेवटी शेंड्याकडच्या बारीक डहाळ्या तोडून आणायच्या: काही डोक्याखाली, काही अंगाखाली, काही पांघरायला. पाऊस असेल तर वर छप्पर. रात्रीच्या घरट्याला दहाएक मिनिटं लागतात. दुपारचं दोन मिनिटांतही उरकतं, कारण त्यात सांगाडा आणि वर चार पानं, बाकी कामाला फाटा.

यातली खरी गोम फांदी मोडण्यात आहे. सुमात्रातल्या घरट्यांचा यांत्रिकीच्या अंगाने केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सांगाड्याच्या जाड फांद्या अर्ध्याच मोडलेल्या असतात. कडुलिंबाची बोटभर जाडीची ओली फांदी वाकवून बघा. बाहेरच्या अंगाचे तंतू फाटतात, आतल्या अंगाचे तसेच राहतात. फांदी वाकून राहते, पण झाडापासून सुटत नाही. ओरांगउटान जाड फांद्यांना नेमकं एवढंच मोडतो, म्हणजे वजन पेलायला त्या झाडाला धरून राहतात. गादीच्या बारीक डहाळ्या मात्र तो पूर्ण तोडून घेतो, आणि ओलं लाकूड नुसतं वाकवून तुटत नाही म्हणून तिथे वाकवून वर पीळही देतो. कडा ताठ आणि मधला भाग लवचीक असं अंथरूण यातून तयार होतं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ८० किलोच्या पुढे जातं. जाड फांदी साफ तुटली तर एवढ्या वजनाला खाली आधारच उरत नाही. म्हणजे कोणती फांदी किती मोडायची हे हाताला ठाऊक असायला हवं.

हे जन्मजात येत नाही. पिल्लू सहा महिन्यांचं असल्यापासून डहाळ्या वाकवायचा खेळ करतं. वर्षभरात दिवसाच्या घरट्यांची लुटुपुटू सुरू होते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बऱ्यापैकी टिकेल असं घरटं जमतं. तरीही रात्री ते आईच्याच घरट्यात झोपतं, थेट सातव्या-आठव्या वर्षापर्यंत. सुमात्रातल्या सुआक बालिम्बिंग इथल्या सतरा वर्षांच्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली: पिल्लू आईच्या नुसतं जवळ असून भागत नाही. आई बांधत असताना त्याने तोंड जवळ नेऊन, टक लावून पाहिलं तरच त्यानंतर त्याचा सराव वाढतो. आधी ते दिवसाचं सोपं घरटं बघतं, मग रात्रीचं अवघड काम, छप्पर-उशीसकट. झाडाची निवडही बरीचशी आईसारखी होते.

शिकून घेतलेली गोष्ट गावागणिक बदलते, तशी हीही बदलते. बोर्निओ आणि सुमात्रातल्या सहा ठिकाणच्या निरीक्षणांची तुलना करून २००३ साली २४ सवयींची यादी मांडली गेली, ज्या एका जंगलात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. त्यात घरट्याशी निगडित बऱ्याच आहेत. काही ठिकाणी घरटं बांधताना ओठ फुरफुरवून आवाज काढतात. काही ठिकाणी डहाळीचं टोक अंथरण्याआधी दातांखालून घालतात. काही ठिकाणी पावसात, झोपायच्या घरट्याच्या थोडं वर दुसरं घरटं बांधून त्याचं छप्पर करतात. हत्यारांचंही तसंच. सुआकमध्ये नीसिया नावाच्या झाडाची टणक फळं तडकली की भेगेत सोललेली काडी घालून बिया काढतात, कारण आत बियांभोवती काचेच्या लोकरीसारखी टोचणारी कुसळं असतात. आलास नदीच्या पलीकडे तेच फळ आहे, ओरांगउटान आहेत, काडी मात्र नाही. ओरांगउटानला पोहता येत नाही. रुंद नदी ओलांडून कोणी शिकवायला जाऊ शकत नाही.

झोपेचा विषय निघालाच आहे, तर सुआकमधलाच २०२५ सालचा एक निष्कर्ष: रात्रीची झोप कमी झाली तर हे प्राणी दुसऱ्या दिवशी डुलकी लांबवतात. झोपेचा प्रत्येक तास बुडाला की डुलकीत पाच-दहा मिनिटांची भर. आणि आसपास इतर ओरांगउटान असतील तर रात्री उशिरापर्यंत जागरण होतं. याच सुआकमध्ये जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या नराच्या गालावर जखम झाली होती. त्याने फायब्रॉरिया टिंक्टोरिया या वेलीची पानं चावून रस जखमेवर लावला आणि वर लगद्याचा लेप दिला. पाच दिवसांत जखम मिटली, महिन्याभरात पुसटशी खूण उरली. स्थानिक लोक हीच वेल ताप आणि दुखण्यांवर वापरतात. बातम्यांत वेल गाजली. त्या दिवसांत राकुस नेहमीपेक्षा जास्त वेळ आराम करत होता, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही.

आता आईला आठ-आठ वर्षं पिल्लू का सांभाळावं लागतं, हा प्रश्न. उत्तर फळांत आहे. त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा फळांचा असतो: उंबर-वडाच्या कुळातली फळं, दुरियन, रानातले आंबे आणि फणसाचे भाऊबंद. बोर्निओच्या जंगलात डिप्टेरोकार्प कुळातली उंच झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन ते दहा वर्षांच्या अनियमित अंतराने, बहुधा एल निनोच्या वर्षी, सगळी एकदम फळतात. त्यांच्याबरोबर इतर झाडंही. मधल्या काळात तंगी. बोर्निओतल्याच गुनुंग पालुंग इथे १९९० च्या दशकात केलेल्या मोजणीत सुगीच्या महिन्यात नर दिवसाला ८,४०० च्या आसपास कॅलरी खात होता आणि मादी ७,४००. काही महिन्यांनी तंगी आली तेव्हा नर ३,८०० वर आणि मादी १,८०० वर. त्या काळात त्यांच्या लघवीत कीटोन सापडले. म्हणजे शरीर साठवलेली चरबी जाळत होतं. फळं संपली की साल सोलून आतला मऊ थर चघळायचा, कोवळी पानं, वाळवी, मुंग्या.

अशा बेभरवशाच्या अन्नावर जगणाऱ्या शरीराने खर्चच कमी केला आहे. २०१० साली अमेरिकेत पाळीव ओरांगउटानांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला गेला. वजनाच्या हिशोबाने तो जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांपेक्षा कमी निघाला. त्याहून कमी खर्चणारा ठळक प्राणी म्हणजे स्लॉथ. सुगीत अंगावर चरबी चढवायची आणि तंगीत सावकाश चालायचं, असा कारभार.

मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं. पुढचं सात ते नऊ वर्षांनी. सस्तन प्राण्यांत एवढं अंतर दुसरीकडे नाही. दुधातून पिल्लांच्या दातांत साठणाऱ्या बेरियमच्या थरांवरून २०१७ साली असं दिसलं की अंगावरचं दूध आठ वर्षांच्या पुढेही चालू राहतं, आणि तेही चढउताराने: तंगीत दूध वाढतं, फळं आली की कमी होतं. पूर्ण आयुष्यात एका मादीला चार-पाच पिल्लं. आई इतकी वर्षं जवळ ठेवून वाढवते म्हणून त्यातली बहुतेक जगतात, पण हिशोबाला पुढे काही उरत नाही. वर्षाला मोठ्या माद्यांपैकी एक टक्का जरी शिकारीत जास्तीच्या गेल्या तरी कळप (कळप हा शब्द इथे चुकीचाच, हे एकएकटे राहतात) हळूहळू संपतो. बाजारात आलेल्या प्रत्येक पिल्लामागे बहुधा एक मेलेली आई असते, कारण जिवंत आई पिल्लू सोडत नाही.

नरांबद्दल थोडक्यात. ते दोन प्रकारचे दिसतात. एकाच्या गालांवर रुंद मांसल पट्ट्या, गळ्याला मोठी थैली आणि एक किलोमीटरवर ऐकू जाईल अशी लांब हाक. दुसरा मादीएवढाच दिसतो, पट्ट्या नाहीत, हाक नाही. पण तोही प्रजननक्षम असतो आणि दहा-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त तसाच राहू शकतो. मोठा नर घरट्यात शिरण्याआधी संध्याकाळी ज्या दिशेला तोंड करून हाक देतो, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच दिशेने निघतो, असं सुआकमध्ये आढळलं. आसपासच्या माद्या ती हाक ऐकून आपला रस्ता ठरवतात.

एवढा मोठा प्राणी मोजायचा कसा? जंगलात दिवसभर फिरून एकही ओरांगउटान दिसत नाही, पण घरटी दिसतात. म्हणून गणना घरट्यांची करतात. आपल्याकडे भीमाशंकरला शेकरूची गणना घरट्यांवरून होते, तोच विचार. पद्धत अशी: नकाशावर सरळ रेषा आखायची, जंगलातून तशीच चालायची. ठरावीक पावलांवर थांबून वर, बाजूला आणि मागे वळूनही बघायचं. पुढून न दिसलेलं घरटं मागून दिसतं. प्रत्येक घरट्याच्या बरोबर खालच्या जमिनीपासून रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने मोजायचं. झाडाची जात, उंची आणि घरट्याचं वय लिहायचं: पानं हिरवी, पानं तपकिरी, भोकं पडलेली, किंवा नुसत्या काड्या.

मग भागाकार. समजा १० किलोमीटर रेषेवर ६० घरटी दिसली आणि दोन्ही बाजूंना १५ मीटरपर्यंतची घरटी नीट दिसतात. पाहिलेलं क्षेत्र झालं ०.३ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला २०० घरटी. याला तीन आकड्यांनी भागायचं: घरटं बांधणाऱ्यांचं प्रमाण, समजा ०.९ (अंगावरची पिल्लं वगळून). एक प्राणी दिवसाला किती बांधतो, समजा १.१, आणि घरटं किती दिवस दिसत राहतं, समजा २५०. उत्तर येतं चौरस किलोमीटरला ०.८ ओरांगउटान.

घोळ होतो तो तिसऱ्या आकड्यात. हाच आकडा ४०० धरला तर उत्तर ०.५ वर येतं. तीच घरटी, तेच जंगल, आणि तिसरा हिस्सा प्राणी कागदावरून गायब! घरटं किती टिकतं हे लाकडावर, पावसावर आणि उंचीवर ठरतं. बोर्निओच्या उलिन या लोखंडासारख्या लाकडातलं घरटं मऊ लाकडातल्या घरट्यापेक्षा खूप जास्त टिकतं. एका जंगलात सरासरी २०० दिवस, तर दुसरीकडे ६०० च्या आसपास. एका ठिकाणचा आकडा उचलून दुसरीकडे वापरला की गणना फसते, आणि स्वतःच्या जंगलातला आकडा काढायचा तर ताज्या घरट्यांवर वर्ष-दीड वर्ष लक्ष ठेवावं लागतं. तेवढा वेळ आणि पैसा सगळ्यांकडे नसतो. म्हणून ओरांगउटानांचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घटले’ अशी बातमी वाचली, तर आधी घरट्यांचं आयुष्य किती धरलं होतं ते शोधावं. मलेशियाच्या साबा राज्यात (हेही बोर्निओवरच) हेलिकॉप्टरमधून घरटी मोजून काम झटपट केलं गेलं, पण तिथेही शेवटी याच भागाकारातून जावं लागतं.

या सगळ्या काटछाटीनंतरचे अंदाज असे: बोर्निओत लाखभर, सुमात्रात १४,००० च्या आसपास, आणि तापानुली ओरांगउटान ८०० पेक्षा कमी. ही तिसरी जात २०१७ मध्ये वेगळी म्हणून जाहीर झाली. ती उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलातच आहे. तिन्ही जाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत. लाख हा आकडा ऐकून हायसं वाटू देऊ नका. २०१८ मधल्या एका अभ्यासाप्रमाणे १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतून जवळजवळ दीड लाख गेले. त्यातले बरेच अशा भागातून, जिथे जंगल उभं होतं. म्हणजे ते मारले गेले.

जंगल जातं त्यात पीटच्या दलदलींचा वाटा मोठा आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात न कुजता साचलेला पालापाचोळा, कित्येक मीटर जाड. १९९६ साली इंडोनेशियाने बोर्निओवरच्या मध्य कालिमंतान प्रांतात दहा लाख हेक्टरांवर भातशेती करायची म्हणून तिथे हजारो किलोमीटर कालवे खणले. भात काही पिकला नाही. कालव्यांनी पाणी मात्र वाहून नेलं, पीट वाळलं, आणि १९९७-९८ च्या एल निनोत पेटलं. पीटची आग जमिनीखालून पसरते. वरून विझवलेली आग चार दिवसांनी दुसरीकडे धूर काढते, झाडं मुळाशी जळून उभीच्या उभी पडतात. उपाय साधा आणि कष्टाचा आहे: कालव्यांत ठरावीक अंतरावर लाकूड-मातीचे बांध घालून पाणी परत वर आणायचं. एकच मोठा बांध घातला तर पाणी बाजूने वाट काढून त्याला पोखरतं, म्हणून उताराप्रमाणे लहान-लहान पुष्कळ.

पामतेलाचा संबंध आपल्या स्वयंपाकघराशी आहे. भारत जगातला सर्वांत मोठा आयातदार, वर्षाला ७५ ते १०० लाख टनांच्या घरात, आणि बहुतेक माल इंडोनेशिया-मलेशियाचा. बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, साबण, सगळीकडे. ‘पामतेल बंद करा’ हा सल्ला मला पटत नाही. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारं दुसरं पीक नाही. सोयाबीन अर्धा टनही देत नाही, मग तेवढ्या तेलाला कितीतरी जास्त जमीन लागेल. प्रश्न आहे तो बाग कुठे लावली याचा. तेलपामाच्या बागेत ओरांगउटान झावळ्या वाकवून घरटं करतोही, पण पोट भरायला कोवळे कोंब उपटतो आणि मग छऱ्यांना सामोरा जातो. मार्च २०१९ मध्ये आचे प्रांतात सापडलेल्या एका मादीच्या अंगात ७४ छरे होते.

प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर आपल्याकडे पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून २००३ साली ओडिशाच्या नंदनकाननला गेलेली बिन्नी ही तेव्हाची देशातली एकमेव ओरांगउटान मे २०१९ मध्ये वारली. साबाला जाणाऱ्यांनी संदाकानजवळच्या सेपिलोकला जावं. ते १९६४ पासूनचं पुनर्वसन केंद्र आहे आणि तिथे खाऊच्या वेळी प्राणी बहुधा दिसतात. पण घरटी बघायची तर सुकाऊ गावाहून किनाबातांगन नदीत संध्याकाळची बोट घ्या. साडेपाच ते सव्वासहा ही वेळ सोडू नका; दुर्बीण ८ पटींची पुरते. आधी नदीकाठच्या झाडांवर तपकिरी गठ्ठे शोधा, मग त्यांच्या आसपास हिरवा गठ्ठा. हलणाऱ्या फांद्या आणि पटापट फांद्या मोडल्याचा आवाज आला तर बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. पायी पाहताना किमान १० मीटर अंतर, खाऊ अजिबात नाही. आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी मुक्कामावरच थांबा; आपले श्वसनाचे आजार यांना होतात.